पीएच.डी.नंतरचं गेट

(वस्तीतल्या पोरापोरींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. आकडे तेवढे पुन्हा तपासून घेतले.)



मला निरोप होता की कवितेवर बोल. आज कवितेवर बोलत नाही. एका जाहिरातीवर बोलतो. ती माझ्या खिशात आहे, घड्या घालून घालून फाटायला आलीय. परराज्यातल्या एका केंद्रीय विद्यापीठाची आहे. नाव सांगत नाही. अशा जाहिराती सगळीकडून निघतात, एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात.

मी गोदीत ठेक्यावर. दहावी पास, आमच्या आजाच्या भाषेत मॅट्रिक. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीच्या पेपरात ५२ मार्कांवर संपला. मग पोती उचलणाऱ्यानं शास्त्रज्ञांच्या नोकरीवर तोंड का उघडावं? कारण ती जाहिरात दादानं मला मराठीत वाचून दाखवली तेव्हा तिच्यात मला एकही गोष्ट नवी वाटली नाही.

दादा म्हणजे आमच्या गल्लीतला. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. आई पालिकेत सफाईला. रसायनशास्त्रात पीएच.डी. मला गणित-विज्ञान त्यानंच शिकवलं, ते ५२ सुद्धा त्याचेच. तो डॉक्टर झाला तेव्हा आपण चौकात फ्लेक्स लावला, बँजो लावला, पेढे वाटले. आपल्याला वाटलं, पोहोचला. गड्यांनो, तिथंच आपण फसलो. विज्ञानात पीएच.डी. म्हणजे हातात हूक मिळाला एवढंच. काम त्यानंतर मिळवायचं असतं. दोन-तीन, कधी पाच-सहा वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याच्या प्रकल्पावर राबायचं. त्याला म्हणतात पोस्ट डॉक. सरकारी कागदात रिसर्च असोसिएट. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये त्यालाच व्हिजिटिंग फेलो म्हणतात, म्हणजे पाहुणा. नावातच सांगून टाकलंय, की उठायच्या तयारीनं बस.

हे चालतं कसं ते ऐका. दिल्लीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान खातं, किंवा तसंच दुसरं कुठलं तरी खातं, एका प्राध्यापकाला दोन-तीन वर्षांचा प्रकल्प देतं. त्यात यंत्रांचे पैसे, रसायनांचे पैसे, प्रवासाचे पैसे आणि माणसांचे पैसे. माणसांच्या रकान्याला 'मनुष्यबळ' म्हणतात. आमच्याकडं ठेकेदाराच्या बिलातही हाच शब्द असतो. मग विद्यापीठाच्या नावानं जाहिरात निघते. जागा एक. मुदत सहा महिने किंवा वर्ष, काम बघून वाढेल. प्रकल्प संपला की नेमणूक संपली. नेमणूक निव्वळ तात्पुरती, कायम करून घेण्याचा कसलाही हक्क सांगता येणार नाही. मुलाखतीला येण्याजाण्याचा खर्च मिळणार नाही. सकाळी दहाला हजर राहावं.

पगार? केंद्राचा २०२३ सालचा दर आहे, रिसर्च असोसिएटच्या पहिल्या पायरीला महिना ५८,००० रुपये, वर घरभाडं. मी हा आकडा टोळीत सांगितला तर एकानं शिट्टी मारली. म्हणाला, मग रडतो कशाला तुझा दादा? मी म्हटलं, बाबा, पस्तिशीला आलेला माणूस आहे तो. वर्षाचं कंत्राट. पुढच्या वर्षी कुठल्या गावात असेल त्याला ठाऊक नाही. लग्नाला पोरगी बघायला गेला तर सासरा विचारतो नोकरी पर्मनंट का, तर हा काय सांगणार? आणि ते ५८,००० सुद्धा वेळेवर येत नाहीत. प्रकल्पाचा हप्ता अडकला की महिने-महिने खाली हात. पीएच.डी.च्या फेलोशिपलाही त्याचं तेच झालं होतं. तेव्हा मेसचं बिल आम्ही टोळीतून वर्गणी काढून भरलं. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. देशाचं विज्ञान कोणाच्या उधारीवर चालतं तेवढं कळावं म्हणून सांगतो.

आता गोदीचं सांगतो, म्हणजे मला नवं का वाटलं नाही ते कळेल.

माझा पणजा गेटावर उभा राहायचा. जहाज लागलं की टोळीवाला यायचा आणि बोट करायचा — तू, तू, तू. बाकीचे परत. टोळीवाल्याच्या गावचा, नात्याचा, त्याला दारू पाजणारा आधी. महाराला कोणतं काम द्यायचं ते ठरलेलं, जे दुसरा कोणी करत नाही ते. हे किती वर्षं चाललं त्याला मोजमाप नाही. मग १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला. १९५१ मध्ये मुंबईत योजना आली, डॉक लेबर बोर्ड आलं. कामगाराचं नाव रजिस्टरात आलं. पाळीनं काम. काम नाही निघालं तरी हजेरीचे पैसे. माझा आजा त्या रजिस्टरातला, बाप त्या रजिस्टरातला. टोळीवाल्यांनी तेव्हा काय ओरड केली असेल? हीच की आमचा माणूस आम्हाला निवडू द्या, नाहीतर जहाज रिकामं होणार नाही. रजिस्टर झालं. जहाजं रिकामी झाली. एक जहाज रजिस्टरामुळं बुडलं नाही.

पुढं १९९४ मध्ये बोर्ड पोर्ट ट्रस्टात विलीन झालं, मालाचे डबे पलीकडं न्हावाशेव्याला गेले, आणि मी पुन्हा ठेकेदाराच्या गेटावर. म्हणजे पणजाच्या जागी. म्हणून दादाची जाहिरात मला घरच्यासारखी वाटली.

मुलाखतीला मी सोबत गेलो होतो. दादा म्हणाला, चल रे, एकट्याला बरं वाटत नाही. रात्रभर जनरल डब्यात, मांडीवर सर्टिफिकेटांची फाईल. सकाळी स्टेशनच्या नळावर त्यानं दाढी केली. व्हरांड्यात बाक होता, बाकावर अकरा जण. सगळे डॉक्टर. एक बाई सहा महिन्यांचं पोर घेऊन आली होती, पोर सांभाळायला सासू. एक जण दोन रात्रींचा प्रवास करून आलेला. सगळे एकमेकांना हळू आवाजात विचारत होते, तुमचा गाईड कोण? हे मी लगेच ओळखलं. आमच्याकडं विचारतात, कुठल्या मुकादमाचा माणूस?

साडेदहाला एक पोरगा प्रयोगशाळेतून बाहेर आला, अंगात पांढरा कोट, हातात किल्ल्या. त्यानं बाकावरच्यांना पाणी दिलं आणि नंतर स्वतःच आत मुलाखतीला गेला. तो सहा महिन्यांपासून तिथं कामच करत होता. जागा त्याची. जाहिरात कागद पुरा करायला. मी त्या पोराला दोष देत नाही, तोही कोणाचा तरी कंत्राटी. पण अकरा डॉक्टर स्वतःच्या तिकिटानं आणले कशाला, फाईलीत अकरा सह्या दिसाव्यात म्हणून?

दादा आत सात मिनिटं होता. त्याला विचारलं, कोणाच्या हाताखाली केलं? मग विचारलं, मूळ गाव कुठलं? मग आडनाव पुन्हा एकदा नीट उच्चारायला लावलं. कामाबद्दल एक प्रश्न, तोही शेवटी. बाहेर आला आणि म्हणाला, चहा घेऊ.

परतीच्या गाडीत मी जाहिरात पुन्हा वाचायला लावली. म्हटलं, आपल्या लोकांसाठी यात काय लिहिलंय ते शोध. एकच ओळ निघाली. वयाची अट ३५. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, स्त्रिया आणि अपंगांना पाच वर्षं सूट.

बघा, ही ओळ मला आजही झोपू देत नाही. आम्हाला जागा दिली नाही, वय दिलं. इतरांनी पस्तिशीपर्यंत गेटावर उभं राहायचं, तुम्ही चाळिशीपर्यंत राहा. वाट बघण्यात आरक्षण!

कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत तात्पुरती नेमणूक ४५ दिवस किंवा जास्त चालणार असेल तर तिलाही आरक्षण लागू, असे आदेश आहेत. जुने आदेश, २०१८ आणि २०२२ साली पुन्हा बजावले. ४५ दिवस! दादाची जागा वर्षाची. म्हणून त्यानं माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज टाकला की पाच वर्षांत किती रिसर्च असोसिएट घेतले, त्यात अनुसूचित जातीचे किती, जमातीचे किती. उत्तर आलं दोन ओळींचं. प्रकल्पातली फेलोशिप हे 'पद' नाही, सबब रोस्टर लागू नाही, आणि जातवार माहिती ठेवली जात नाही. घ्या! काम आहे, पगार आहे, हजेरी आहे, साहेब आहे, खाडा धरतात, पण पद नाही. गोदीत ठेकेदार हेच सांगतो. तू माझा माणूस, पोर्टाचा नाहीस. पोर्ट सांगतं, तू ठेकेदाराचा.

आणि हे चोरून चाललेलं नाही. काही ठिकाणी तर कायद्यानंच लिहून दिलंय. केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशातल्या आरक्षणाचा २००६ चा कायदा काढा. मागं एक परिशिष्ट आहे. त्यात ज्या संस्थांना हा कायदा लागू नाही त्यांची नावं. कुलाब्याची टीआयएफआर आहे. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट आहे आणि तिच्या छत्राखालचं तुर्भ्याचं बीएआरसी आहे. २०१९ मध्ये अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा आला, त्यालाही तसंच शेपूट. उत्कृष्ट संस्था आहेत म्हणे. म्हणजे उत्कृष्टपणा कुठं सुरू होतो तर आम्ही जिथं संपतो तिथं, असं संसदेनं लिहून ठेवलं. टीआयएफआर आमच्या गोदीपासून बसनं तासाभराच्या आत. समुद्र एकच.

त्याच परिशिष्टात कलकत्त्याची एक संस्था आहे, साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लियर फिजिक्स. साहा कोण ते माहीत करून घ्या. मेघनाद साहा, जन्म १८९३, ढाक्याजवळच्या खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा पोर, हलक्या समजल्या जाणाऱ्या जातीतला. कलकत्त्याच्या हॉस्टेलात वरच्या जातीच्या पोरांनी त्याला आपल्या पंगतीला बसू दिलं नाही. याच माणसानं १९२० साली सूत्र दिलं. ताऱ्याच्या उजेडावरून तिथं किती उष्णता आहे ते त्यानं ओळखता येतं. जगभरचे ज्योतिर्विद ते वापरतात. हा साहा डी.एस्सी. झाल्यावर युरोपात गेला. लंडनमध्ये फाऊलरच्या प्रयोगशाळेत बसला, बर्लिनमध्ये नेर्न्स्टच्या. तेव्हा पोस्ट डॉक हा शब्द आपल्याकडं नव्हता, पण काम तेच. पैसे कुठले? प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचे. प्रेमचंद रायचंद म्हणजे आपल्या मुंबईचा कापसाचा व्यापारी, ज्याच्या पैशानं मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. कापूस जहाजावर चढवला कोणी? त्या गासड्या वाहणाऱ्या पाठी कोणाच्या होत्या ते मला इथं सांगायला नको. म्हणजे हमालाच्या घामाचा एक थेंब फिरून फिरून एका हलक्या जातीच्या पोरापर्यंत पोहोचला आणि त्यातून ताऱ्यांचं विज्ञान झालं. आज त्याच साहाच्या नावाची संस्था, आणि तिलाच आरक्षणातून वगळलंय.

बाबासाहेबांचं तुम्हाला सांगायला नको, तरी एक सांगतो, गोदीचं आहे म्हणून. १९१७ साली ते परत आले तेव्हा त्यांची पुस्तकं ज्या जहाजात होती ते पाणतीरानं बुडवलं. पुस्तकं गेली. आणि कोलंबियात शिकून आलेला हा माणूस बडोद्याला नोकरीवर गेला तर राहायला खोली मिळेना. पारशी सराईतून हाकललं. शिक्षण होतं. जागा नव्हती. शंभर वर्षं उलटून गेली तरी त्या दोन गोष्टींमधलं अंतर आपल्या डॉक्टर पोरांना अजून तोडायचंय.

आता कोणी म्हणेल, जाऊ दे रे, एका वर्षाचं कंत्राट गेलं तर गेलं, पुढं प्राध्यापकाच्या जागेला आरक्षण आहेच की. इथंच खरी मेख आहे, नीट ऐका. आयआयटीत असिस्टंट प्रोफेसरच्या पहिल्या श्रेणीला पीएच.डी.नंतरचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. तो कुठून आणायचा? याच कंत्राटी जागांवरून. निबंध छापून यायला प्रयोगशाळा लागते, ती याच जागांवर मिळते. शिफारशीची पत्रं याच साहेबांची. खाली प्रवेशाला रोस्टर, वर नेमणुकीला रोस्टर, आणि मधली पायरी एका माणसाच्या बोटावर. मधली पायरी काढली की वरची जागा आपोआप रिकामी राहते. मग फाईलीवर शेरा: योग्य उमेदवार मिळाला नाही. आणि पेपरात अग्रलेख, की बघा, आरक्षण देऊनही यांची पोरं मिळत नाहीत. 'नेचर' नावाचं इंग्रजी साप्ताहिक आहे, विज्ञानवाल्यांचं मोठं. त्यानं २०२३ च्या जानेवारीत माहितीच्या अधिकारातले आकडे छापले, वरच्या पाच आयआयटींत ९८ टक्के प्रोफेसर वरच्या जातींचे. हे ९८ टक्के आकाशातून पडले नाहीत. बोट करून करून जमवलेले आहेत.

सगळ्याच जागा अशा आहेत असं मी म्हणणार नाही. यूजीसीची अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी पोस्ट डॉक फेलोशिप होती, वर्षाला १०० जागा. २०२२ मध्ये शिक्षकदिनी यूजीसीनं डॉ. राधाकृष्णन यांच्या नावानं ९०० जागांची योजना जाहीर केली, महिना ५०,०००. तिथं निदान यादी लागते, यादीत आपण कितवे ते दिसतं. पण तिथंही आधी एखाद्या प्राध्यापकानं मी याला घेतो अशी सही द्यावी लागते. पुन्हा दार ठोठावणं आलंच.

साहेब लोक म्हणतात, संशोधन म्हणजे पोती उचलणं नव्हे, तिथं नेमका माणूस लागतो. मान्य. कॉइल उतरवायलाही नेमकाच माणूस लागतो, नाहीतर खालच्याचा पाय जातो. नेमका माणूस घ्या. पण अकरा जणांतून कोणता नेमका आणि का, ते कागदावर मांडा. गुण लिहा. जाहिरात महिनाभर आधी काढा, आठ दिवसांवर नको. सरकारी पैशावर माणूस ठेवता तर सरकारी रोस्टर लावा. विद्यापीठातल्या सगळ्या प्रकल्पांच्या जागा एकत्र मोजल्या तर रोस्टर बसतो. एकेक जागा सुटी दाखवली की बसत नाही. सुटी दाखवणं हीच तर सगळी चलाखी.

आणि पोस्ट डॉक लोकांनाही एक सांगायचंय, आपल्या आणि परक्या दोघांनाही. तुम्ही स्वतःला कामगार म्हणायला लाजता. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पोस्ट डॉक मोटार कारखान्यांच्या कामगारांच्या युनियनमध्ये आहेत, यूएडब्ल्यूमध्ये. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथं ४८,००० विद्यापीठ कामगार संपावर गेले, त्यात हे डॉक्टरही होते, बॅनर धरून गेटावर उभे. पगार वाढवून घेतला. इथं मात्र प्रयोगशाळेतला डॉक्टर आम्हाला बघून फाटकातून बाजूनं जातो.

आपल्या चळवळीवरही बोलतो, राग येऊ देऊ नका. आपण हॉस्टेलसाठी लढलो, शिष्यवृत्तीसाठी लढलो. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी ८६१ संशोधक पोरंपोरी आझाद मैदानात बसल्या, मी पाळी संपवून दोनदा जाऊन आलो. ते बसू शकले कारण त्यांची यादी होती. ८६१ हा आकडा होता. पीएच.डी.नंतर आपली किती पोरं अशा बाकांवर बसून परत येतात त्याचा आकडाच नाही, म्हणून मैदानही नाही. प्रत्येक जण एकटा येतो, एकटा चहा घेतो, एकटा परत जातो. या बैठकीत पोस्ट डॉक म्हणजे काय हे मागच्या महिन्यापर्यंत कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. आणि आपल्यातले जे वर पोहोचले, कॉलेजात कायम झाले, त्यांनाही माहीत होतं पण ते सांगायला वस्तीत आले नाहीत. त्यांचं काय ते त्यांनी बघावं.

दादाला ती जागा मिळाली नाही. सध्या एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना रसायन शिकवतो, तासावर पैसे. त्याचं चाळिसावं लागायला अजून पाच वर्षं आहेत.

मी एक वही केलीय. साधी, दोनशे पानी, रेघा मारून. रकाने पाच: जाहिरातीची तारीख, विद्यापीठ, विषय, बाकावर किती जण होते, कोणाला घेतलं. पहिली नोंद दादाची. कालपर्यंत सात झाल्या, त्यात तीन पोरी, एक नागपूरची, एक सोलापूरची, एक इथली धारावीची. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचा नमुना वहीच्या मागं चिकटवलाय, दहा रुपयांचा खर्च आपण टोळीतून काढू. उत्तराला तीस दिवस. ज्याच्या घरात, गल्लीत, नात्यात असा कोणी डॉक्टर बसून असेल त्यानं येत्या रविवारी संध्याकाळी बुद्धविहारात यावं आणि जाहिरातीचा कागद सोबत आणावा. माझी त्या दिवशी दुसरी पाळी आहे, वही दादाकडं असेल.